कुंपणच शेत खाते तेव्हा

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कुंपणाने शेत खाल्ले, ही म्हण आपण पुढाऱ्यांसाठी राखून ठेवली आहे. सभा कुठलीही असो, ही म्हण एकदा तरी निघते आणि टाळ्याही पडतात. आज आम्ही ती कोणावर फेकायला उभे राहिलेलो नाही. आज खऱ्या कुंपणाबद्दल बोलायचे आहे. बांधावर लावतो त्या कुंपणाबद्दल, परसातल्या चार वाफ्यांभोवती लावतो त्या काटेरी झुडपाबद्दल. कारण आमच्या स्वतःच्या रानात कुंपणाने शेत खरोखर खाल्ले आणि ते कुंपण आम्ही आमच्या हाताने लावले होते.

आम्ही तिघे भाऊ. रान घोड नदीपासून आत, माळाच्या बाजूला. पाऊस पडला तर ज्वारी, नाही पडला तर कडबा, तोही नाही पडला तर राम राम. १९९०च्या आसपास उत्तरेच्या बांधावर आम्ही वेडी बाभूळ लावली. कोणी सांगितले होते? कोणीच नाही, आणि सगळ्यांनीच. पाणी नको, खत नको, शेळी पाला खात नाही, दोन वर्षांत डोक्याच्या वर जाते. शिवाय बी फुकट. फुकट म्हटले की आपला शेतकरी हात पुढे करतो, कारण विकत घ्यायची त्याची ऐपत कोणी ठेवलेलीच नाही. आम्हीही हात पुढे केला.

पहिली पाच-सात वर्षे आम्ही खूश. जनावर आत आले नाही. सरपणाला काडी विकत आणावी लागली नाही. मग कधी तरी लक्षात आले की पाभर बांधापासून जरा लांबूनच फिरते आहे. बैलाच्या तोंडावर काटे येतात म्हणून गडी दोन हात सोडून वळवतो. पुढच्या साली आणखी दोन हात. ट्रॅक्टरवाला तर म्हणाला, टायर फुटला तर पैसे तुम्ही देणार का? त्यानेही चार हात सोडले. कोणीही आमच्याकडून जमीन हिसकावून घेतली नाही. आम्हीच दरसाल थोडी थोडी सोडत गेलो.

शेवटी एका उन्हाळ्यात दोरी टाकून मोजले. झुडूप, त्याची सावली आणि जिथे धड ज्वारी उगवत नाही तो पट्टा मिळून बांधापासून आत दहा फुटांच्या वर.

आता हिशेब करा. हिशेबाशिवाय आपल्या सभेत बोलू नये. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. चौकोनी तुकडा धरला तर एक बाजू साधारण २०९ फूट. चारी बाजूंनी दहा-दहा फूट कुंपणाने खाल्ले तर आत राहतो १८९ फुटांचा चौकोन. गेले किती? जवळजवळ ८,००० चौरस फूट. म्हणजे चाळीस गुंठ्यांतले सात गुंठे. कुंपण तीन फुटांत राहिले तर हाच आकडा सव्वादोन गुंठ्यांवर येतो. मधले पाच गुंठे तुमच्या सातबाऱ्यावर आहेत, पण तुमच्या पोत्यात नाहीत.

आमच्या बांधाला लागून चुलत्यांचे रान. त्यांचा गाडीरस्ता त्याच बांधावरून. आमची बाभूळ आत वाढली तशी बाहेरही वाढली. त्यांनी दोनदा सांगितले, आम्ही दोनदा 'काढू की' म्हटले. तिसऱ्या वेळी ते तहसील कचेरीत गेले. जमीन महसूल संहितेच्या १४३ कलमाखाली बांधावरून रस्ता मागता येतो आणि वहिवाटीचा रस्ता अडवला तर १९०६चा मामलेदार कोर्टाचा कायदा आहे, हे ज्ञान आम्हाला त्या निमित्ताने झाले. चार वर्षे तारखा. चार वर्षे बोलणे बंद. त्यांच्या घरच्या लग्नात आम्ही जेवायला बसलो नाही आणि आमच्या आईच्या दहाव्याला ते आले ते नदीवरूनच परत गेले. चूक कोणाची? आमची. त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तेच केले असते.

मग काढायला घेतले. पहिल्या वर्षी कुऱ्हाडीने जमिनीबरोबर तोडले आणि घरी येऊन झोपलो. पावसाळा झाला. एका खोडाच्या जागी सात-आठ फोक. वेड्या बाभळीची सगळी ताकद जमिनीत असते. वरून तोडणे म्हणजे तिची छाटणी करून देणे. दुसऱ्या वर्षी जेसीबी आणला, खोडाखालचा गड्डा दीड फूट खोल जाऊन उपटला. तरी पुढची तीन वर्षे रोपे उगवत राहिली, कारण शेंगांचे बी मातीत पडलेले. ती पावसाळ्यात, ओल असताना, हाताने उपटायची. ते काम घरातल्या बायकांनी केले. लावताना त्यांना कोणी विचारले नव्हते.

ही बाभूळ मूळची आपली नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडची. इंग्रजी अमलात १८७७च्या सुमारास तिचे बी हिंदुस्थानात आले. ओसाड जमीन हिरवी करायची, सरपण मिळवायचे, वाळवंट थोपवायचे, असे हेतू होते आणि हेतू वाईट नव्हते. कच्छमध्ये बन्नी नावाचा मोठा गवताळ प्रदेश आहे. खारे रण पुढे सरकू नये म्हणून तिथे १९६१ साली सरकारने हजारो हेक्टरांवर ही बाभूळ लावली. रण थांबले की नाही यावर वाद घाला, पण गवत हटले. गाई-म्हशींवर जगणाऱ्या मालधाऱ्यांच्या कुरणावर बाभळीचे रान माजले. त्यांनी तिला नाव दिले 'गांडो बावळ'. गांडो म्हणजे वेडा. कच्छच्या मालधाऱ्याने आणि भीमेकाठच्या शेतकऱ्याने एकमेकांना न विचारता एकाच झाडाला वेडे ठरवले. कृषी खात्याच्या अहवालापेक्षा आम्ही या नावावर जास्त विश्वास ठेवतो.

आफ्रिकेत केनिया देशात बारिंगो तळ्याच्या काठी १९८०च्या दशकात हीच बाभूळ लावली गेली. सल्ला परदेशी तज्ज्ञांचा. तिथल्या शेळ्या गोड शेंगा खाऊ लागल्या, साखर दातांत बसू लागली, दात किडून पडू लागले. दात नसलेली शेळी चरणार कशी? २००६ साली तिथले पशुपालक सरकारवर दावा लावायला नैरोबीला गेले आणि पुरावा म्हणून बोळकी शेळी कोर्टात घेऊन गेले. असा पुरावा आपल्या कोणत्या वकिलाला सुचला असता?

पण एक गोष्ट न्यायाने बोलली पाहिजे. ज्या घरात गॅस पोहोचला नव्हता त्या घराची चूल या बाभळीने पेटती ठेवली. दुष्काळात शेंगांवर शेळ्या जगल्या. कोळशाच्या भट्ट्या लावून पोट भरणारी कुटुंबे आजही आपल्या शिवारात येतात. तेव्हा पडीक माळावर, नदीच्या पात्रात, सरकारी जागेत ती उभी आहे तिचा उपयोग करणाऱ्याने करावा. आमचे म्हणणे एवढेच की तिला स्वतःच्या हाताने बांधावर आणू नका.

आणि हे पहिल्यांदा घडलेले नाही. तुमच्या आजा-पणजाला फड्या निवडुंग ठाऊक होता. तोही बाहेरचाच, अमेरिकेतला. निवडुंगावर वाढणाऱ्या एका किड्यापासून तांबडा रंग मिळतो. त्या रंगाचा व्यापार स्पेनच्या हातात होता आणि कंपनी सरकारला तो हवा होता. १७९५ साली ब्राझीलमधून किडा आणला. आणला तो नेमका चुकीचा. रंग हलका निघाला, धंदा बसला, पण त्या किड्याने एका जातीचा निवडुंग मात्र फस्त केला. दुसऱ्या, अधिक काटेरी जातीला त्याने तोंड लावले नाही. लोकांनी ती जात कुंपणाला लावली. फडा तोडून टाकला तरी मूळ धरतो, बोंडे पाखरे खातात, बी चहूकडे जाते. दक्षिणेत गावेच्या गावे निवडुंगाने वेढली गेली. शेवटी १९२६ साली योग्य किडा सिलोनमार्गे आणला, तेव्हा तो निवडुंग हटला. म्हणजे कुंपणाची चूक निस्तरायला शंभराहून जास्त वर्षे लागली. घाणेरीची कथा तशीच. १८०९च्या सुमारास कलकत्त्याच्या बागेत फुलांसाठी आणली, कुंपणाला चांगली म्हणून पसरली. आज देशातले एकही जंगल तिच्यापासून सुटले आहे असे म्हणवत नाही. जनावराने ती खाल्ली तर काळीज बिघडते, उन्हात कातडी सोलते. गाजर गवताबद्दल तर पुणे जिल्ह्याने बोलायलाच नको. १९५५च्या सुमारास ते पहिल्यांदा नजरेस आले ते आपल्या पुण्यातच.

मग देशी झाडे कधी त्रास देत नाहीत का? देतात, पण दुसऱ्याच्या घरी गेली की. आपली चिलार, डोंगरकडेची, वाकड्या काट्यांची. ती दक्षिण आफ्रिकेत गेली आणि तिथल्या लोकांना तिने तसेच सळो की पळो केले. तेव्हा झाड वाईट नसते. ज्या मुलखात त्याला खाणारा किडा नाही, रोग नाही, तिथे ते मोकाट सुटते. हे शास्त्र एवढेच आहे आणि ते कळायला कॉलेजात जावे लागत नाही.

इंग्रजांनी लावलेले आणखी एक कुंपण होते, ते फार कमी लोकांना माहीत आहे. मिठावरचा कर चुकवून कोणी मीठ नेऊ नये म्हणून त्यांनी देशाच्या मधोमध जकातीची रेषा आखली, सिंधू नदीपासून महानदीकडे. खाली ती बऱ्हाणपूरपर्यंत, म्हणजे आपल्या खानदेशाच्या दारात आली होती. १८६९ साली ही रेषा २,३०० मैलांची होती आणि तिच्यावर सुमारे १२,००० माणसे पहाऱ्याला होती. या रेषेवर मोठ्या भागात त्यांनी जिवंत कुंपण वाढवले, कुठे कुठे बारा फूट उंच. पुढे काँग्रेस स्थापन करणारे ह्यूमसाहेब काही वर्षे याच खात्याचे मुख्य होते. रयतेच्या तोंडचे मीठ अडवायला कुंपण! पण आपल्या कामाचे त्यात काय आहे ते पाहा. आधी त्यांनी बोरीच्या वाळलेल्या फांद्या रचल्या. वाळवी लागली, वणवा लागला, वाऱ्याने उडाल्या. मग जित्या झाडांवर आले. जिथली माती तशी झाडे: बाभूळ, बोर, करवंद, शेर, निवडुंग. १८७९ साली ती रेषा मोडली. १९९०च्या दशकात एका इंग्रज लेखकाने ते कुंपण शोधायचे म्हणून आपला देश पालथा घातला, तेव्हा हाताला लागले ते जेमतेम अवशेष. बारा हजार माणसांचे हात निघाले आणि कुंपण गेले. जित्या कुंपणाला हात लागतात. ज्या कुंपणाला हात लागत नाहीत असे कोणी सांगेल, ते कुंपण उद्या तुमच्या रानात घुसणार असे समजा.

आता लावायचे काय?

रोप घेताना आम्ही हल्ली विचारतो की याचे बी जाते कसे? शेंग गोड असेल आणि जनावर खात असेल तर बी शेणातून, लेंडीतून गावभर जाणार. तोडलेला तुकडा ओलीत पडून फुटत असेल तर पुरासोबत जाणार. उजनीच्या फुगवट्यावर, दौंडच्या खालच्या अंगाला, ओढ्या-कालव्यांच्या कडेला बेशरम पाहा. तिला बेशरम नाव उगाच दिलेले नाही. शेळी खात नाही म्हणून लोकांनी ती परड्याला लावली आणि उपासमारीत शेळीने खाल्लीच तर तिचे पाय लटपटू लागतात. वेडी बाभूळ, घाणेरी आणि बेशरम या तिघींना आमच्या बांधावर बंदी. सुबाभूळ बंदीत घालायची का, यावर आमच्या तिघांत एकमत नाही. उरुळीकांचनहून ती या भागात आली आणि गोठ्याला चारा मिळाला, हे खरे. दर दीड-दोन महिन्यांनी कापणारा असेल त्याने लावावी. पण शेंग धरू दिली की पुढच्या पावसात खाली गालिचा उगवतो. ज्याच्या घरचा माणूस पुण्याला कामाला जातो आणि रविवारी येतो, त्याने तिच्या नादी लागू नये.

करवंद आम्ही पहिल्या नंबरला धरतो. आपल्या मुलखातले, दुष्काळ काढणारे, दुहेरी काट्याचे. पहिली दोन-तीन वर्षे फार हळू वाढते आणि तिथेच लोकांचा धीर सुटतो. बी पिकल्या फळातून काढले की लगेच टाकायचे. वर्षभर डब्यात ठेवून पेरले तर उगवत नाही. दापोलीच्या विद्यापीठाने मोठ्या फळाची 'कोकण बोल्ड' ही जात काढलेली आहे, पण कुंपणाला रानातले करवंदही चालते. दीड-दीड फुटावर दोन ओळी, एकीचे रोप दुसरीच्या फटीत. चौथ्या वर्षापासून लोणच्यापुरती फळे घरात येतात, आणि ती विकली गेली तर तो पैसा घरातल्या बाईचा, असे आमच्या घरी ठरले आहे.

मेंदी बागेच्या कुंपणाला जुनी आणि खात्रीची. काडीने येते, बीनेही येते, कात्री सोसते. गाव सोडून पळत नाही. शेर तर पाण्याचे नावही काढत नाही. कांडी तोडायची, चार दिवस सावलीत सुकवायची आणि खोचायची. पण शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याचे हाल होतात, म्हणून शाळेच्या वाटेवर, अंगणात, जिथे पोरे खेळतात तिथे नको. लांबच्या बांधाला ठेवा आणि तोडताना वाऱ्याकडे पाठ करा. निर्गुडी आणि अडुळसा यांना शेळी तोंड लावत नाही. काटा नाही, पण आडोसा चांगला. निर्गुडीचा पाला धान्याच्या कणगीत घालायची रीत तुमच्या घरात असेलच आणि अडुळशाचा काढा खोकल्याला आजही निघतो.

सागरगोटा आठवतो का? आपल्या आया-बहिणी ज्याच्या बियांनी खेळल्या तो. त्याच्या वेलीइतके वाईट काटे आम्ही दुसरीकडे पाहिले नाहीत. रानडुकराच्या वाटेवर लावायला तोच. बी दगडासारखे टणक, फरशीवर घासून टरफल पातळ करून रात्रभर पाण्यात टाकले की रुजते. मात्र त्याला आठ फूट जागा लागते आणि दरवर्षी कोयता लागतो. म्हणून तो ओढ्याकडच्या कडेला, परसबागेला नाही. घायपात, मराठवाड्यात तिला केकताड म्हणतात, मेक्सिकोची असली तरी सावकाश सरकते. तिच्या वाखाचे दोर वळून मातंग बांधवांनी पिढ्यानपिढ्या आपल्या मोटेला आणि बैलाला दोर पुरवले. उताराच्या बांधाला ती माती धरते. फक्त बाजूला फुटलेली पिल्ले दरसाल काढा. विलायती चिंच कात्रीत राहिली तर कुंपण, सुटली तर झाड, आणि पाखरे तिचे बी नेतात. मोगली एरंड जुना कुंपणवाला आहे, त्याला आमची हरकत नाही. हरकत २००३ नंतर त्याच्यापासून डिझेल काढून शेतकऱ्याला श्रीमंत करायला निघालेल्यांना होती. रोपे वाटणारे पुष्कळ होते, बी घ्यायला कोणी आले नाही. कुंपण म्हणून लावा, पण त्याचे बी शेंगदाण्यासारखे लागते म्हणून पोरे खातात आणि दवाखान्यात न्यावी लागतात, एवढे घरात सांगून ठेवा.

ज्यांच्याकडे कापूस आहे त्यांनी आणखी एक ऐकावे. शिरूर-दौंडात कापूस फार नाही, पण हे पत्रक विदर्भ-मराठवाड्यातल्या भावांच्याही हातात पडते. परसाच्या कुंपणाला जास्वंद सगळ्यांना आवडते. २००५-०६च्या सुमारास कापसावर पिठ्या ढेकूण आला, तो जास्वंदीवर, गाजर गवतावर, पेटारीवर सुखाने राहतो. कापूस निघाला की तिथे मुक्काम, कापूस उगवला की परत. देवाला फुले हवीत तर एक झाड तुळशीजवळ ठेवा आणि त्याच्यावर नजर ठेवा. शेताच्या कडेने जास्वंदीची रांग नको.

लावण्याची रीत थोडक्यात. उन्हाळ्यात दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर काढा, तळात पालापाचोळा आणि शेणखत घाला, वर माती भरा. चर शेजाऱ्याच्या हद्दीवर नको. बांधाच्या मध्यापासून तीन फूट आत, आणि काढण्याआधी त्याला बोलावून दाखवा. आमची चार वर्षे यातच गेली आहेत. पहिला चांगला पाऊस झाला की लावणी. इकडे जून पुष्कळदा फसवतो आणि खरा पाऊस परतीचा, म्हणून रोपे थोडी राखून ठेवा आणि सप्टेंबरात तुटाळ भरा. रोप गुडघ्याला आले की शेंडा मारायचा. जीव तुटतो, पण मारायचाच. शेंडा राखला तर वर छत्री आणि खाली शेळीला दरवाजा.

हे सगळे मागच्या बैठकीत सांगत होतो तेव्हा दौंडकडच्या एक बहीण उठल्या आणि म्हणाल्या, "कुंपण तुम्ही सांगताय, पण पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार? तुम्ही का आम्ही?" सभेत हशा झाला. आम्हाला हसू आले नाही. वेडी बाभूळ गावोगाव का पसरली याचे खरे उत्तर त्या प्रश्नात आहे. पिण्याचा हंडा जिथे मैलभर अंतरावरून येतो तिथे करवंदाला पाणी घाला म्हणणे सोपे आहे. तेव्हा आम्ही आमच्या घरी काय केले तेवढेच सांगतो. एका वर्षात सगळे कुंपण लावायचे सोडून दिले. एकरभर तुकड्याभोवती ८०० फुटांच्या वर लांबी होते. दीड फुटावर दोन ओळी म्हणजे अकराशे रोपे. एवढी कोणीच जगवू शकत नाही. दर साली शंभर फूट. उरलेल्या कडेला बोराटीच्या फांद्या, आपल्या बापजाद्यांसारख्या. धुण्या-भांड्याचे पाणी चरात जाईल असा उतार काढला. जिथे ते पोहोचत नाही तिथे दर चार रोपांत एक जुने मडके पुरले, बुडाला बारीक भोक पाडून त्यात कापडाची वात. आठवड्याला एकदा भरायचे. भरायची पाळी पुरुषांची. ती पाळी चुकते का? चुकते. पण आता चुकली की विचारणारे आहेत.

शेवटची गोष्ट घराजवळच्या आडोशाची. न्हाणीला आडोसा हवा, रस्त्यावरची नजर अडवायला आडोसा हवा, ही बायकांची गरज आहे आणि ती खरी आहे. पण घोड-कुकडीच्या पट्ट्यात, ऊस वाढला तसा, बिबट्या दारापर्यंत आला आहे. माणसे गेली, लेकरे गेली, हे या बैठकीला वेगळे सांगायला नको. दाट, जमिनीला टेकलेले, डोक्याइतके उंच झुडूप घराला लागून वाढवणे म्हणजे त्याला बसायला जागा करून देणे. म्हणून घराभोवतीचे कुंपण कमरेइतकेच ठेवा, उभ्या माणसाला पलीकडचे दिसले पाहिजे. मेंदी त्यासाठी बरी. न्हाणीच्या आडोशाला अडुळसा लावा, पण एकाच बाजूला, आणि खालचा हातभर भाग झोडून मोकळा ठेवा. शेळीची काळजी कमरेएवढे कुंपण घेईल. आणि कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर तो आजच काढून टाका. डुक्कर मरेल न मरेल, पहाटे पाणी धरायला गेलेला स्वतःचा पोरगा मरतो, आणि वर गुन्हा दाखल होतो.

आमच्या उत्तरेच्या बांधावर आता साडेतीनशे फूट करवंद उभे आहे. चुलत्यांच्या बाजूची छाटणी ते करतात, आमच्या बाजूची आम्ही. गेल्या मे महिन्यात त्यांच्या सुनेने पाटीभर करवंदे काढली आणि अर्धी आमच्या ओट्यावर आणून ठेवली. त्यांचे बी आम्ही राखेत चोळून त्याच दिवशी पिशव्यांत टाकले आहे. रोपे तयार आहेत. ज्यांना हवीत त्यांनी बैठक संपल्यावर नावे द्यावीत, रोप फुकट नाही. रिकामी पिशवी परत आणायची आणि पुढच्या साली स्वतःच्या बियांची तेवढीच रोपे दुसऱ्याला द्यायची.